पु-अर चहा थेट चीनहून मागवावा का?

चहाटळ_पुणे:
मंडळी, ऑफिसातल्या एका मित्राने चीनहून येताना शेंग पु-अरचा, म्हणजे कच्च्या, हळूहळू मुरणाऱ्या पु-अर चहाचा तुकडा आणला होता, तो प्यायल्यापासून डोक्यात तेच बसलंय. इथे त्या नावाने वजन कमी करायच्या टी बॅगच मिळतात, काळा भुगा नुसता. आता चीनमधल्या कुनमिंगच्या एका साइटवर 357 ग्रॅमचा केक, म्हणजे चहा दाबून केलेली चकती, बघून ठेवलाय, 'लाओ बानझांग, जुनी झाडं' लिहिलंय, 40 डॉलर. थेट मागवू का? कस्टमचं काय होतं? विक्रेता म्हणतो गिफ्ट लिहून पाठवतो.

बिनसाखरेचा:
गिफ्टचं डोक्यातून काढा. डिसेंबर 2019 पासून गिफ्टची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झालीये, वर पार्सल अडकलं की निस्तरायचं तुम्हीच. चहाच्या व्यापारी आयातीवर बेसिक ड्युटीच 100 टक्के, पण स्वतःपुरतं मागवलेलं पार्सल कस्टमच्या दरयादीतल्या 9804 या वेगळ्या हेडिंगखाली जातं, तिथे दर बराच कमी. दर बदलत राहतो म्हणून मागवायच्या आधी बघून घ्या, आणि ड्युटी चहाच्या किमतीवर अधिक भाड्यावर धरतात हे लोक विसरतात. बिल खऱ्या रकमेचंच मागा.

मोगरा७२:
ड्युटी राहू द्या हो, आधी तो केक बघा! लाओ बानझांग म्हणजे चीनच्या युनान प्रांतात मेंगहाईतल्या बुलांग डोंगरावरचं एक गाव, तिथला कच्चा पालाच किलोला हजारो युआनला जातो. 5000 युआन धरला तरी 357 ग्रॅमचा नुसता पाला 1800 युआनच्या आसपास म्हणजे 250 डॉलर, मग 40 मध्ये हा माणूस देतोय काय? रॅपर कुणीही छापतं. चांगला विक्रेता गावाचं नाव मिरवत नाही, तो कुठल्या वर्षीचा पाला, वसंतातला की शरदातला, आणि तेव्हापासून कोरड्या गोदामात होता की दमट, हे सांगतो. विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. पहिल्यांदा 25 ग्रॅमची सँपल घ्या चारपाच, बुलांगची कडवट आणि युनानमधल्याच लिनचांगकडची जरा गोडसर अशी, मग केकचं बघू.

एडिसनकर:
आमच्याकडे अमेरिकेत 800 डॉलरच्या आतलं पार्सल बिनड्युटी यायचं तेव्हा चंगळ होती. चीनचं 2 मे 2025 ला बंद झालं आणि ऑगस्टअखेर सगळ्याच देशांचं. आता मी इथल्याच दुकानदाराकडून घेतो, थोडं महाग पडतं पण कटकट नाही.

मोगरा७२:
आणि ठेवणार कुठे ते ठरवा. शेंग मुरायला हवा लागते पण पुण्यातला पावसाळा, त्यात आमच्याकडे रत्नागिरीला तर विचारूच नका, जुलैत कपाटावर ठेवलेल्या केकवर पांढरी लव येते. मसाल्याच्या आणि उदबत्तीच्या जवळ तर अजिबात नको, वास ओढून घेतो.

चहाटळ_पुणे:
बरं, केक कॅन्सल, सँपलच मागवतो. पोस्टाने की कुरियरने?

बिनसाखरेचा:
पोस्टाने. कुरियरवाले केवायसी मागतात आणि क्लिअरन्सचे स्वतःचे पैसे लावतात, लहान पार्सलला ते कधीकधी ड्युटीपेक्षा जास्त होतात. पोस्टात उशीर होतो, ट्रॅकिंग मध्येच मुकं होतं, पण ड्युटी लागलीच तर पोस्टमन दारात घेऊन पावती देतो. सुटे ठेवा.