टाळ्या वाजवल्या म्हणून आठ मिनिटं बाहेर : शिस्त की पंचाचा अहंकार?

शिट्टीवाला
गेल्या रविवारी १४ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल सामन्यात मी पंच होतो. ऑफसाइड (खेळाडू नियमाबाहेर पुढे उभा) दिला, तर एक मुलगा माझ्याकडे तोंड करून सावकाश टाळ्या वाजवत उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. मी पिवळं कार्ड दाखवून त्याला ८ मिनिटं बाहेर बसवलं. ती सोय स्पर्धेच्या नियमांत आहे. तेवढ्यात त्याच्या संघाने गोल खाल्ला. सामना संपल्यावर त्याचे वडील आले, "टाळ्या वाजवणं हा गुन्हा आहे का?" माझं मत : नाराजी शब्दांनी दाखवा नाहीतर हातांनी, कार्ड मिळणारच. या वयातच अडवलेलं बरं.

मधली_फळी
अजिबात पटलं नाही. माझी मुलगी याच वयाची, बचावात खेळते. कार्डाने धाक बसतो, आदर नाही. जवळ बोलावून "पुरे आता" म्हणाला असतात तरी मिटलं असतं. चूक एकाची आणि धावायचं बाकीच्या दहा जणांनी! आणि तो ऑफसाइड होता तरी का? खवचटपणे नाही, खरंच विचारतेय.

शिट्टीवाला
लाइनवर सहायक नव्हता आणि मी वीसेक पावलं मागे होतो. चुकलोही असेन. पण म्हणून टाळ्या?

डावखुरा
बाकीच्यांना झळ बसते हाच तर फायदा आहे. क्रिकेटच्या २०१७ च्या नियमांत खेळाडूंच्या वर्तनासाठी ४२ वा नियम आला. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवली की पहिल्यांदा ताकीद, तीही अख्ख्या संघाला. नंतर संघातल्या कुणीही तसं केलं की समोरच्यांना ५ धावा. मी अंपायरिंग करतो तेव्हा ताकीद दिल्यावर मला तोंड उघडावं लागत नाही. स्लिपमधलाच कुणीतरी "गप रे, पाच जातील" म्हणतो.

मधली_फळी
म्हणजे पाच धावा वाचवायला गप्प बसले. याला खिलाडूवृत्ती म्हणायचं?

डावखुरा
सुरुवातीला तेवढंही चालेल मला.

हॉकीवेडी
हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर. डोकं थंड होतं, मूल परत येतं, विषय संपला. फुटबॉलमधलं नुसतं पिवळं कार्ड वहीत जातं, मुलाला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे बाहेर बसवणं मला मान्य आहे, पण टाळ्यांना ८ मिनिटं फार झाली.

शिट्टीवाला
मिनिटं माझ्या हातात नाहीत. आयएफएबीच्या (फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) चौकटीत सामन्याच्या वेळेच्या १० ते १५ टक्के असतात. आमचा सामना ६० मिनिटांचा, त्यात स्पर्धेने ८ ठरवली आहेत.

मधली_फळी
बरं, मुलाचं झालं. त्याचा प्रशिक्षक काय करत होता?

शिट्टीवाला
हा प्रश्न येणार असं वाटलंच होतं. पहिला हाफभर "रेफ, चष्मा लाव" चालू होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फुटबॉलमध्ये २०१९ पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं, मला माहीत होतं. माणूस वयाने मोठा, मैदानावर रोजचा. हात खिशाकडे गेलाच नाही.

मधली_फळी
आणि पोरापुढे लगेच गेला.

शिट्टीवाला
हो.

डावखुरा
कार्ड तरीही बरोबरच होतं. फक्त पहिलं नव्हतं, दुसरं होतं.

शिट्टीवाला
शनिवारी पुन्हा त्याच संघाचा सामना आहे. नाणेफेकीला कर्णधाराबरोबर प्रशिक्षकालाही बोलावणार आहे. काय बोलायचं ते अजून जुळवतोय.