बो डिडलीचा ठेका: ठोके बरोबर, तरी कवायत का वाटते?

खर्जातला_सा:
अमेरिकन रॉक अँड रोल गिटारिस्ट बो डिडलीचं १९५५ सालचं 'बो डिडली' हे गाणं बसवतोय. गिटार, कहॉन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) आणि शेकर (खुळखुळा), एवढाच संच. मेट्रोनोम १०० वर. ठोके जागेवर पडतात, पण ऐकायला शाळेची कवायत वाटते. मूळ रेकॉर्डमध्ये गिटार कुठे संपते आणि ड्रम कुठे सुरू होतो तेच कळत नाही. ट्यूनिंग कोणतं? ट्रेमोलो, म्हणजे आवाजाचा कमी-जास्त हेलकावा, किती वेगाचा ठेवायचा? आणि स्ट्रीमिंगवर या गाण्याच्या चार-पाच आवृत्त्या आहेत, त्यातली कोणती धरू?

सोळा_मात्रा:
सोळा मात्रांत मोजा. ठोके १, ४, ७, ११ आणि १३ वर. क्युबन संगीतातली सोन क्लावे ती हीच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'हॅम्बोन'मध्ये, म्हणजे मांड्या-छाती थोपटून वाजवतात त्या प्रकारात, हाच सांगाडा सापडतो. पण तो नुसता सांगाडा आहे. तेवढ्या पाच जागी गिटार मारली तर कवायतच होणार.

उजवा हात सोळाही मात्रा हलता ठेवा: विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर. म्हणजे १, ७, ११, १३ खालच्या फटक्यावर येतात आणि ४ एकटी वरच्या फटक्यावर. घोळ होतो तो या चौथ्या मात्रेवर. बहुतेक जण तीही खालीच मारतात, मग हात क्षणभर थांबतो आणि लय तिथेच अडते. उरलेल्या अकरा मात्रांवर डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, खरखर येऊ द्या. ती खरखरच ड्रममध्ये मिसळते.

शेकरवाल्याला क्लावे अजिबात वाजवू देऊ नका. मूळ रेकॉर्डमध्ये जेरोम ग्रीनचे मराकस (खुळखुळे) अखंड वाहतात, आणि त्यांचा झोका (स्विंग) सरळ आणि ट्रिपलेटच्या (एका ठोक्याचे तीन समान भाग) मध्ये कुठेतरी असतो. ड्रमवाला क्लिफ्टन जेम्स टॉमवर, म्हणजे घुमणाऱ्या ड्रमवर, राहतो, झांज जवळजवळ नाहीच. त्यामुळे कहॉनवर मधला घुमारा धरा, वरच्या कडेचा चटचट आवाज टाळा.

तार_तुटली:
ट्यूनिंग ओपन ई, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्ड वाजते. जाड तारेपासून: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. नेहमीच्या ट्यूनिंगमधून पाचवी आणि चौथी तार दोन-दोन स्वर-पट्ट्या वर, तिसरी एक वर. अकॉस्टिकवर जाड तारांचा सेट असेल तर हे करू नका, ताण वाढून ब्रिज उचलायची भीती असते. त्यापेक्षा ओपन डी (डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी) लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा). स्वर तेच मिळतात.

ट्रेमोलोचं गणित: १०० च्या लयीत मेट्रोनोमचा एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. त्याचा अर्धा ३०० आणि पाव १५०. पेडलवर टॅप (ठोका देऊन वेग ठरवायचं बटण) असेल तर पाव ठोका लावा, नसेल तर सेकंदाला साधारण ६.७ वेळा. डेप्थ भरपूर ठेवा. एक सावधगिरी: फेंडर कंपनीने गिटारच्या स्वर हलवणाऱ्या दांडीला 'ट्रेमोलो' आणि बऱ्याच ॲम्पवर ट्रेमोलोलाच 'व्हायब्रेटो' लिहून पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घातलाय. तुम्हाला आवाज कमी-जास्त करणारा हवा, स्वर हलवणारा नको.

बो डिडलीकडे डिआर्मंड कंपनीचं ट्रेमोलो युनिट होतं. त्यात मोटर एक छोटी बंद डबी हलवते, आतला वीजवाहक द्रव हिंदकळून संपर्क जोडतो-तोडतो आणि आवाज खाली-वर होतो. म्हणून त्याचा हेलकावा गोलसर येतो. चौकोनी वेव्हचं पेडल त्याजागी करवतीसारखं कापतं. जुनं युनिट कुठे मिळालंच तर आधी द्रव आटलाय का बघा. आटला असेल तर मोटर फिरते आणि आवाज ढिम्म.

चेकर_८१४:
धरायची ती चेकरची (चेस या रेकॉर्ड कंपनीचं उप-लेबल), २ मार्च १९५५ ला शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंगमध्ये झालेली. दुसऱ्या बाजूला 'आय ॲम अ मॅन', त्यात हार्मोनिका बिली बॉय आर्नल्डची. अल्बमचं वर्ष बघून फसू नका: १९५८ चा पहिला अल्बम म्हणजे आधीच्या सिंगल्सचं संकलन, रेकॉर्डिंग जुनंच. स्वस्त संकलनांत मात्र नंतर पुन्हा गायलेल्या आवृत्त्या सर्रास घुसवतात. बास गिटार ठळक आणि स्टिरिओ चकचकीत असेल तर सोडून द्या. हिप-ओ सिलेक्ट या लेबलचा 'द चेस मास्टर्स, १९५५-१९५८' संच मिळाला तर उत्तम, आवाज मोनो आणि स्वच्छ.

१ जून २००८ ला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवाराला आग लागली. चेसच्या मूळ टेपाही त्यात गेल्या, असं न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये छापलं. नुकसान फुगवून सांगितलंय, असं युनिव्हर्सलचं म्हणणं. बो गेला तो आगीच्या दुसऱ्याच दिवशी, फ्लोरिडात.

खर्जातला_सा:
चौथी मात्रा वर घेतल्यावर हात सुटला. आणखी एक: हाच ठेका आमच्या स्वतःच्या गाण्याला लावला तर हक्काचा प्रश्न येतो का?

चेकर_८१४:
ठेक्यावर कॉपीराइट नसतो. १९५७ मध्ये बडी हॉलीने 'नॉट फेड अवे'त तो वापरला, १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सनी तेच गाणं केलं. नुसत्या ठेक्याचे पैसे बो डिडलीला कोण देणार? मूळ गाणं वाजवणार असाल तर गोष्ट वेगळी. ते एलस मॅक्डॅनियल या त्याच्या कागदोपत्री नावावर आहे आणि भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत संरक्षित. कार्यक्रमाच्या जागेकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना आहे का, ते आयोजकाला आधीच विचारा.