नऊ-दहा वर्षांच्या चंपीसाठी घर हवं आहे (सांगली-मिरज किंवा डोंबिवली-कल्याण)

सांगलीची_लेक:
२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीत माझ्या आईच्या जिन्यात एक कुत्री येऊन बसली. पाणी ओसरलं तरी ती गेली नाही. डॉक्टरांनी दात बघून तीनेक वर्षांची असेल असं सांगितलं, म्हणजे आता नऊ-दहाची. नाव चंपी. देशी, तांबूस, नसबंदी झालेली.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते, एकटी राहू शकत नाही. ती डोंबिवलीला माझ्याकडे येतेय. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. चंपीचे मागचे पाय सकाळी आखडलेले असतात. दोन-तीन पायऱ्या चढली की थांबते आणि वर बघत राहते. वजन अठरा किलो. आम्ही दोघंही सकाळच्या लोकलनं बाहेर पडतो, तिला उचलून खाली-वर कोण करणार? त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुत्रं चालणार नाही म्हणून आधीच बजावलंय.

नातेवाईक म्हणतात, गावाकडे सोड, कुठंही खाईल. तिला ते जमणार नाही हो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती आईच्या पलंगाखाली शिरते आणि आईची चप्पल तोंडात धरून बसते. चावत नाही, नुसती धरते. पाऊस थांबला की चप्पल होती तिथं आणून ठेवते.

एवढ्या वयाच्या देशी कुत्रीला घर मिळतं का? जाहिरातीत काय लिहू? शेतावर राखणीला द्या म्हणून दोघांनी विचारलंय, द्यावी का?

अनघा_पुणे:
राखणीला अजिबात नको. दिवसभर साखळी आणि रात्री उघड्यावर थंडी, या पायांना ते सोसायचं नाही.

घर मिळतं, फक्त वेळ लागतो. मी बरीच वर्षं कुत्री दत्तक द्यायला मदत करते. म्हाताऱ्या कुत्र्याला घेणारे बहुतेक निवृत्त जोडप्यांपैकी असतात, किंवा ज्यांचं आधीचं कुत्रं गेलंय असे. पिल्लामागची धावपळ त्यांना नको असते. जाहिरातीत 'प्रेमळ, गुणी' लिहू नका, ते सगळेच लिहितात. चपलेचं लिहा. आखडणारे पायही लिहा. लपवलेलं आठवड्याभरात कळतंच, मग कुत्री परत येते आणि तिचं दुसऱ्यांदा घर सुटतं.

आधी रक्त तपासून घ्या: क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, प्लेटलेट. गोचीड-ताप आपल्याकडे फार, तो होऊन गेलेला असला तरी समजलेलं बरं. रेबीजची लस यंदाची हवी आणि कार्ड सोबत द्या. पाय दुखतात म्हणून घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. आयब्रुफेननं कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

घर स्वतः जाऊन बघा. घरातल्या प्रत्येकाशी बोला, फक्त हौस असलेल्याशी नाही. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंज्या टाकायला सांगा, अशी कुत्री घसरतात. आणि जमलं नाही तर तिला तुमच्याकडेच परत करायचं, परस्पर तिसऱ्याला द्यायचं नाही, हे लिहून घ्या.

मोतीची_आजी:
ताई, आमच्याकडे मोती आला तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याचे मालक वारले होते. आल्यावर तो दाराकडे तोंड करून बसायचा. स्वयंपाकघरात ठेवलेल्या ताटलीला तोंड लावेना, दारापाशी ठेवली तेव्हा खाल्लं. मग रोज थोडी थोडी आत सरकवत नेली.

तुम्ही चंपीच्या सवयी कागदावर लिहून द्या. मोतीला मातीशिवाय शी-शू जमत नसे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही त्याला सिमेंटच्या रस्त्यावरून फिरवत राहिलो आणि बिचारा अडवून धरून बसला. आईंची एक न धुतलेली चादर आणि ती चप्पल सोबत द्या. आईंनी भेटायला जरूर जावं, पण पहिला महिनाभर नको. तिला रुळू दे.

कल्याणकर:
सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवा. आणि पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे नातेवाइकांना सांगा. जिन्याचा प्रश्न खरा आहे. तुमच्याच भागात तळमजल्यावरचं कुणी मिळतंय का बघा, म्हणजे आईंनाही जाता येईल.

सांगलीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. राखणीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला भेटायला नाही मिळालं तरी चालेल, पण तिला साखळी नको." तपासणीची वेळ घेतलीय, आकडे आले की इथं टाकीन. सूचना सेक्रेटरींना दाखवणार आहे, म्हणजे घर मिळेपर्यंत तिला माझ्याकडे ठेवायची वेळ आली तर अडवणूक नको. जाहिरात अशी लिहिलीय, काही राहिलं असेल तर सांगा:

"चंपी, देशी कुत्री, वय नऊ-दहा, नसबंदी झालेली, रेबीजची लस यंदाची. मागचे पाय सकाळी आखडतात, म्हणून तळमजला किंवा लिफ्ट असलेलं घर हवं. ताकात कुस्करलेली भाकरी आवडीनं खाते. शी-शू मातीतच करते. लहान मुलं चालतात, मांजरी चालत नाहीत. पावसाच्या आवाजाला घाबरते, तेव्हा तिला पलंगाखाली बसू द्यावं, ओढून बाहेर काढू नये. राखणीसाठी किंवा बांधून ठेवण्यासाठी देणार नाही. सांगली-मिरजेत किंवा डोंबिवली-कल्याणात आम्ही स्वतः कारनं आणून सोडू, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) पाठवणार नाही. औषधांचा खर्च आम्ही देत राहू. जमलं नाही तर केव्हाही आम्हाला परत द्यावी."