अनुभव धागा : समुद्रापार पांगलेली फिलिपिनो कुटुंबे

धागाकर्ती, पुणे (पूर्वी क्वेझोन सिटी)

कामानिमित्त मी चार वर्षे मनिलाला लागून असलेल्या क्वेझोन सिटीत होते आणि त्यातली तीन वर्षे एकाच कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. खाली लोला, म्हणजे आजी, त्यांची थोरली मुलगी आणि चार नातवंडे असत. चौघांपैकी दोनच मुले थोरलीची होती. उरलेल्या दोघांची आई रियाधमध्ये परिचारिका होती, आणि लोलांचा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर होता. थोरलीला सगळे 'आते' म्हणत. आते म्हणजे ताई, पण मला पहिल्या दिवसापासून त्या शब्दात आत्याच ऐकू येई.

रात्री जेवताना भाताच्या कुकरला टेकवून फोन उभा केलेला असे. रियाधमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असत. आई रात्रपाळी करून उठलेली असली की मुलांच्या पानात काय आहे ते पाही, वहीतली गणिते कॅमेऱ्यासमोर धरायला लावी आणि हलणारा दात दाखवायला सांगे. बोलणे संपताना मुले लोलांचा हात कपाळाला लावून 'मानो पो' करत, कारण ते त्यांनी रोज केले पाहिजे हा आईचा आग्रह होता आणि तो ती पावणेआठ हजार किलोमीटरांवरून पाळून घेत होती.

फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार संहितेतून परदेशी नोकऱ्यांना रीतसर चालना दिली. आज त्या देशाचे २० लाखांहून अधिक लोक बाहेर कामाला आहेत आणि ते वर्षाला ३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवतात. या आकड्यांमागची घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया येथे सविस्तर लिहावे. समुद्रकिनारे आणि सहलींच्या आठवणींसाठी हा धागा नाही. माणसे वर्षानुवर्षे लांब असताना घर कसे चालते, त्याची किंमत कोण देते, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

मुख्य अभियंता, व्यापारी जहाजे, रत्नागिरी

बावीस वर्षांच्या नोकरीत फिलिपिनो खलाशी नाहीत असे जहाज माझ्या वाट्याला क्वचितच आले. त्यांच्या करारातच अशी अट असते की मूळ पगारातला किमान ८० टक्के भाग दरमहा परस्पर घरी जमा व्हावा. हातात उरते ते थोडेच, आणि त्यातूनही बंदरात उतरल्यावर 'पासालुबोंग' म्हणजे घरच्यांसाठीच्या भेटवस्तू घेतल्या जातात. रिकाम्या हाताने घरी जाणे त्यांना अशक्य वाटते.

माझ्याबरोबर तीन करार केलेला एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, इलोइलोचा होता. भावंडांत तो 'पानगानाय', म्हणजे थोरला. दोन बहिणींची शिक्षणे त्याने केली, त्यांतली एक शिक्षिका झाली, मग धाकट्या भावाची सागरी अकादमीची फी भरली, आणि त्यानंतर भाच्यांचा क्रम लागला. त्याच्या फोनमध्ये बांधकाम चाललेल्या घराचे फोटो होते आणि दर करारागणिक त्यात काहीतरी वाढत होते: आधी जोते, मग भिंती, मग छप्पर. त्या घरात तो स्वतः सलग दोन महिने कधी राहिला नव्हता. एकदा रात्रीच्या पाळीत त्याने मला सांगितले की त्याची पाठ आता काम देत नाही, परंतु हे घरी सांगितले तर भाचा शिक्षण सोडेल. 'उतांग ना लोओब' हा शब्द मी त्याच्याकडून शिकलो. आतून वाटणारे ऋण असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडचे पितृऋण त्याच्या जवळचे असले, तरी त्यांचे ऋण आईवडिलांपुरते थांबत नाही. अडचणीत हात देणाऱ्या प्रत्येकाशी ते जोडले जाते आणि पैशाने कधी फिटत नाही.

मला त्याचे बोलणे परके वाटले नाही. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. खोलीत पंधरा-सोळा जण पाळीपाळीने झोपत आणि गावी दरमहा मनीऑर्डर येई. शेत, गुरे, सासूसासरे आणि मुले हे सगळे आजीने एकटीने ओढले. गणपती आणि शिमगा वगळता तिला नवरा दिसत नसे. कोकणातल्या किती घरांची ही गोष्ट आहे! फरक इतकाच की आजोबांना निदान गाडीने गावी येता येत असे, आणि आमच्या बोसनच्या वडिलांचे निधन झाले तेव्हा आम्ही अटलांटिकच्या मध्यावर होतो.

गृहिणी, ठाणे (पूर्वी हाँगकाँग)

मला हे लिहायला अवघड जाते आहे, तरीही लिहिते. आमचा मुलगा अकरा महिन्यांचा असल्यापासून सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला पांगासिनान प्रांतातून आलेल्या एका बाईंनी सांभाळले. हाँगकाँगच्या नियमाप्रमाणे मदतनीस बाईला मालकाच्याच घरी राहावे लागते आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळते. त्या आल्या तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी चार वर्षांची होती आणि तिला तिची लोला वाढवत होती. माझ्या मुलाचे पहिले पाऊल त्यांनी पाहिले. त्यांच्या मुलीची पहिलीची प्रार्थना त्यांनी फोनवर ऐकली, तीही अर्धीच, कारण मी काहीतरी मागायला स्वयंपाकघरात गेले.

त्यांच्या पलंगाखाली एक मोठा पुठ्ठ्याचा खोका असे, 'बालिकबायान बॉक्स'. त्यात महिनोन्महिने वस्तू पडत जात: टूथपेस्ट, साबण, डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेटे, शाळेचे बूट. प्रत्येक वस्तूवर कोणाची ते लिहिलेले असे. बूट घेताना त्या मुलीच्या पावलाची कागदावर काढून आलेली बाह्यरेषा घेऊन दुकानात जात, आणि समुद्रमार्गे खोका पोहोचेपर्यंत पाऊल वाढलेले असणार म्हणून एक माप मोठे घेत. रविवारी सेंट्रल भागात उंच इमारतींखाली पुठ्ठे अंथरून त्यांच्यासारख्या हजारो जणी बसत, एकत्र जेवत, एकमेकींचे केस विंचरत आणि खोके बांधत. मी तिथून अनेकदा गेले, पण त्या गर्दीत बसलेली प्रत्येक बाई कोणाची तरी आई आहे हे मला फार उशिरा दिसले.

वैद्यकीय विद्यार्थिनी, दावाओ (फिलिपिन्स)

मी मूळची लातूरची आहे. इथे आले तेव्हा न्हाणीघरात तांब्याच्या जागी 'ताबो' दिसला, अंगणात हिरांच्या खराट्यासारखाच 'वालिस तिंगतिंग' दिसला, आणि कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात एकेक पुडी शांपू आणि एकेक अंडे सुटे मिळते हे पाहून गावचे किराणा दुकान आठवले. 'उधारी आज नाही, उद्या' अशा अर्थाची पाटीही तिथे होती. भाषेतही ओळखीचे शब्द सापडतात: चेहरा म्हणजे 'मुखा', चव म्हणजे 'लासा', शिक्षक म्हणजे 'गुरो', आणि गरीब म्हणजे 'दुखा'. भारतीय माणसाला इथे 'बुंबाय' म्हणतात. तो शब्द बॉम्बेवरून आला आणि दारोदार फिरून कर्ज देणाऱ्या भारतीयांना चिकटला. आमच्या घरमालकीणबाईंच्या नातीला लहानपणी 'बुंबाय पोत्यात घालून नेईल' अशी भीती घातली जाई, म्हणून ती आधी माझ्यासमोर येत नसे. आता ती मला आते म्हणते.

एक शब्द मात्र मला सर्वांत जवळचा वाटतो. जिव्हाळ्याच्या माणसाने दुखावले की न भांडता गप्प होणे, आणि त्याने येऊन समजूत काढावी याची वाट पाहणे, याला इथे 'तांपो' म्हणतात. इंग्रजीत तो समजावताना माझ्या वर्गमैत्रिणीची दमछाक झाली. मी मनात म्हटले, रुसवा. या घरातल्या नातीचे वडील दुबईला असतात आणि वाढदिवसाला त्यांचा फोन आला नाही की ती दोन-दोन दिवस फोनसमोर येत नाही. जवळच्या माणसाचा रुसवा काढता येतो, कारण त्याच्या शेजारी जाऊन बसता येते. लांबच्या माणसाला तेवढेच जमत नाही.

नोकरदार, दुबई

माझी पत्नी लागुना प्रांतातली आहे. लग्न ठरवताना 'पामामान्हिकान' झाले. या प्रथेत मुलाकडची माणसे जेवण घेऊन मुलीच्या घरी जातात आणि तिला रीतसर मागणी घालतात. परंपरेने लग्नाचा खर्चही मुलाकडच्यांनी करायचा असतो. वरपक्षाचा मान पाहत आलेल्या माझ्या आईला पाहुणी असूनही आपण डबे उघडून वाढायचे हे आधी पटले नाही, पण विहीणबाईंनी तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेले आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता तासभर तिथेच राहिल्या. आमच्या मुलीच्या नावात मधले नाव आईच्या माहेरच्या आडनावाचे आहे, कारण तिथली रीत तशी आहे. ती मला फार योग्य वाटते.

पैशावरून मात्र आमचे वाद झाले. घराचा पैसा बायकोच्या हाती असणे तिथे सर्वसाधारण आहे, आणि माझी त्याला हरकत नव्हती. परंतु दर जूनला कोणत्या तरी पुतण्याची फी, कोणाचे औषध, वादळानंतर कोणाचे छप्पर अशी मागणी येई आणि ती नाही म्हणू शकत नसे. एकदा मी रागाने विचारले की हे कधी संपणार. तिने शांतपणे सांगितले की ती सात भावंडांतली पाचवी आहे आणि तिला दुबईला पाठवण्यासाठी थोरल्या भावाने आपली तीनचाकी प्रवासी गाडी विकली होती. त्यानंतर आम्ही दरमहाची एक रक्कम ठरवली. ती पुरत नाही, पण भांडण थांबले. पुढच्या पिढीचे गणित वेगळे असेल, कारण २०१७ मध्ये दर स्त्रीमागे २.७ असलेला तिथला जननदर २०२२ मध्ये १.९ वर आला आहे. थोरल्यावर कमी भावंडांचा भार पडेल, पण म्हाताऱ्यांचा भार वाटून घेणारेही कमीच असतील.

लांब राहण्याची दुसरी किंमत माझ्या मेहुणीने दिली. नवरा परदेशी गेला आणि त्याने तिथे दुसरा संसार मांडला. व्हॅटिकन सोडले तर घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेला फिलिपिन्स हा एकमेव देश आहे. मुस्लिमांसाठी मात्र १९७७ ची वेगळी संहिता आहे. इतरांना विवाह मुळातच रद्दबातल किंवा रद्द करण्याजोगा होता असे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठीचा खर्च व वेळ तिच्यासारख्या दुकानात काम करणाऱ्या बाईला झेपत नाही. २०२४ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले, पण त्याचा कायदा झाला नाही. कागदोपत्री ती आजही त्याचीच बायको आहे.

निवृत्त शिक्षक, मडगाव

आमच्या वाड्यावर प्रत्येक दुसऱ्या घरातले कोणीतरी बोटीवर असते, त्यामुळे वरचे सगळे ओळखीचे वाटले. माझा मुलगा क्रूझ जहाजावर फिलिपिनो स्वयंपाक्यांबरोबर काम करतो. तो सांगतो की डिसेंबरच्या १६ तारखेपासून ते पहाटेच्या नऊ मिसांची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांची, आठवण काढतात, खोलीत कागदाचा 'पारोल' म्हणजे तारा टांगतात आणि नाताळच्या रात्री आळीपाळीने घरी फोन लावतात. गोव्यातही दारावर तारा लागतो. आम्हीही तो फोन येईपर्यंत जेवत नाही.

धागाकर्ती, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. धागा सुरू केला तेव्हा एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहिते.

मी परत येण्यापूर्वीच्या वर्षी लोला गेल्या. त्यांच्याकडे 'लामाय' म्हणजे मृताजवळ जागणे अनेक दिवस चालते, आणि परदेशातले मूल यायचे असेल तर ते आणखी लांबवतात. शवपेटी घराच्या पुढच्या खोलीत नऊ दिवस होती. रात्रभर शेजारी येत, पत्ते खेळत, कॉफी पीत, आणि पाकिटात 'आबुलोय' म्हणजे मदतीचे पैसे ठेवून जात. तिथून कोणी थेट आपल्या घरी जात नसे, वाटेत कुठेतरी थांबून मगच जात. आपण पायावर पाणी घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, तसेच.

रियाधची मुलगी सातव्या दिवशी पोहोचली. तिची धाकटी मुलगी तिला पाहून आधी आतेच्या मागे लपली. जहाजावरच्या मुलाला मात्र येता आले नाही. शेवटच्या सकाळी त्याचा फोन लागला, तेव्हा आतेने शवपेटीच्या काचेवर फोन उभा धरला आणि खोलीतली सगळी माणसे, न सांगता, अंगणात निघून गेली.