चिलगोजा विकत घेणं थांबवावं का?

रानवेडी:
दिवाळीच्या याद्या आता निघतील, म्हणून वेळेवर लिहिते. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: चिलगोजा, म्हणजे हिमालयातल्या एका पाइनचं खायचं बी, घेऊ नका.

काजू-बदाम बागेत पिकतात. हा अजूनही जवळजवळ सगळा रानातूनच येतो. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये सतलजच्या वरच्या खोऱ्यात, पावसाळी ढग जिथे जेमतेम पोहोचतात अशा कोरड्या उतारांवर, साधारण १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर हे पाइन वाढतं. चंब्याच्या बाजूला थोडं, बाकीचं पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. साल पापुद्र्यांनी सुटून खोडावर राखाडी-हिरवे चट्टे दिसतात; एकदा पाहिलं की दुसऱ्या कुठल्या पाइनशी गल्लत होत नाही.

हे बी ज्यात धरतं तो खवल्यांचा शंकू तयार व्हायला दुसरं वर्ष उजाडतं. तो उमलला की बी खाली सांडतं, पाखरं नेतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात तो मिटलेला असतानाच तोडतात आणि खाली ढीग घालून उघडतात. चिरपाइनचं बी वाऱ्यावर उडतं, याला उडायला धड पंखच नाही. झाडाखाली पडेल किंवा पाखरं-उंदीर पुरून विसरतील, त्यावरच पुढची पिढी. तेच बी आपण पाकिटात भरतो. जुनी झाडं उभी आहेत, पण खाली कोवळी रोपं फार कमी. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या झाडाला धोक्याच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत टाकलंय ते उगाच नाही.

दाणाबाजार:
किलोला हजारो रुपये मोजून चिलगोजा घेणारे या धाग्यावर किती आहेत? आमच्याकडे तो कुणीतरी दिलेल्या डब्यात येतो, तोही मोजून सात-आठ दाणे. शिवाय मुंबईच्या बाजारात येणारा बराच माल अफगाणी. २०१८ पासून तिथला चिलगोजा काबूलहून विमानाने थेट चीनला जातोय. तुमच्या-माझ्या बहिष्काराने त्या बाजाराचं काय वाकडं होणार?

सतलजकाठ:
मला तर हा बहिष्कार उलटा घातक वाटतो. ज्या झाडापासून पैसा मिळतो ते गाव तोडू देत नाही. चिलगोज्याची किंमत काढून घ्या, मग उरतं काय? जळण. किंवा सफरचंदाला जागा. किन्नौरचं अर्थकारण आधीच सफरचंदाकडे झुकलंय.

आणि दोष द्यायचाच तर शंकू तोडणाऱ्याला आधी का? त्याच खोऱ्यात करछम-वांगतूचा मोठा जलविद्युत प्रकल्प आहे, डोंगराच्या पोटातून बोगदे गेलेत. काशंग जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध तिथल्याच लिप्पा गावाने लढा दिला तो याच जंगलासाठी. २०१६ मध्ये हरित लवादाने सांगितलं की वनहक्क कायद्यानुसार हा विषय आधी ग्रामसभेपुढे ठेवा. तिथली माणसं झाडासाठी लवादापर्यंत जातात आणि आपण इथून त्यांना संयम शिकवायचा?

रानवेडी:
धरणांबद्दल एक शब्दही मागे घ्यायला सांगत नाही. पण बोगदे वाईट म्हणून शंकूची तोड चांगली ठरते का? मे २०२२ मध्ये बलुचिस्तानात सुलेमान पर्वतातलं चिलगोज्याचं जंगल पेटलं. आग विझवताना तिघे गेले, शेवटी इराणचं विमान बोलवावं लागलं. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या झाडाचा डोंगर जळाला तर तो भरून यायला जमिनीत बी हवं. ते तर बाजारात गेलेलं.

तेंदूपान:
मी गडचिरोलीचा, त्यामुळे हा वाद आम्हाला नवा नाही. आमच्याकडे चारोळी. पिकायच्या आधीच ओरबाडतात, वर फांद्याही तोडतात, कारण मी थांबलो तर दुसरा नेणार. लोकांना कळत नाही असं नाही. थांबण्याचा फायदा थांबणाऱ्याला मिळत नाही, एवढंच.

किन्नौरमध्ये गावांना चिलगोजा गोळा करण्याचे जुने हक्क आहेत. काही गावं घराघरांत झाडं वाटून घेतात, काही गावं हंगामाचा माल सरळ ठेकेदाराला देतात. खरा फरक इथे पडतो. ठेकेदाराचा संबंध त्या एका हंगामापुरता. त्याचा मजूर आकडीने शंकू ओढताना पुढच्या वर्षीची कोवळी शंकुडी असलेली फांदीही मोडतो, त्याला काय त्याचं! आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, मग बांबू कधी, किती आणि कुणी तोडायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. विकणं बंद झालं नाही, विकणारा बदलला. ताई, तुम्ही गिऱ्हाईक थांबवायला निघालात. ठेका थांबवा.

सतलजकाठ:
ठेक्याबद्दल सहमत. पण सगळंच ओरबाडलं जातं हे चित्र थोडं भडक आहे. कड्याच्या टोकावरची झाडं, शेंड्याचे शंकू सुटतातच. या कामात माणसं पडून जायबंदी होतात, कुणी हौसेने शेवटच्या फांदीपर्यंत चढत नाही.

रानवेडी:
हात पोचला नाही म्हणून सुटलेलं बी म्हणजे राखून ठेवलेलं बी नव्हे. तेही बहुतेक नटक्रॅकर पाखराच्या चोचीत जातं. चांगली, भरघोस धरणारी काही झाडं ठरवून सोडायला हवीत, दर वर्षी वेगळी.

तेंदूपान:
सोडा की. पण त्या झाडांचं उत्पन्न बुडालं तर ते कोण भरून देणार? बहिष्काराने भाव पडला तर आज चार झाडं राखणारं गावही उद्या तीच झाडं झोडपेल.

दाणाबाजार:
आणि नुसतं बी पडून काय होणार? शेळ्यामेंढ्या फिरतात तिथे कोवळं रोप टिकत नाही. काही वर्षं कुंपण हवं, रोपवाटिका हवी. झाड फळाला येईपर्यंत लावणाऱ्याचा नातू कॉलेजात जाईल. एवढा खर्च गिऱ्हाईकाच्या पैशातूनच निघणार असेल तर मी म्हणतो महाग घ्या, पण दुकानदाराला विचारा हा किन्नौरचा की काबूलचा. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "साहेब, एक नंबर माल आहे."

रानवेडी:
कुठल्या गावचा, कुणी तोडला, काही झाडं सोडली का, यातलं काही सांगता येत नसेल तर तो पैसा कुंपणाला पोचतो हे तुम्ही कशावरून म्हणता? पाकिटावर गावाचं नाव येऊ दे, मग मी दुप्पट भावाने घेईन. तोवर नाही.