मदत हवी आहे: कोर्टाच्या जुन्या वहीत "डिस. डब्ल्यू. पी., टायटल" म्हणजे काय? (तातडीने)

तळ्याकाठी (गुरुवार, रात्री ११.१०)
मंडळी, रविवारच्या आत उत्तर हवंय म्हणून थेट विचारते. कोर्टाच्या जुन्या वहीत निकालाच्या रकान्यात "डिस. डब्ल्यू. पी., टायटल" असं लिहिलंय. याचा अर्थ काय? आणि पुढच्याच महिन्यात तोच माणूस तुरुंगात कसा गेला? घरात सगळे सांगतात की हंसांपायी गेला. हंसांपायी कुणाला तुरुंगात घालतात का? गूगल करून झालंय, कृपया तेच सांगू नका.

चिंचेचं_बोटुक (११.१८)
कुठलं कोर्ट? कुठलं साल? माणूस तुमचा कोण? आणि हंस म्हणजे सरोवरातले? ताई, एवढ्याशा माहितीवर कोण काय सांगणार?

गोदाकाठचा_वकील (११.२६)
डब्ल्यू. पी. म्हणजे रिट पिटिशन. डिस. म्हणजे डिसमिस्ड. उच्च न्यायालयात रिट दाखल झाली आणि फेटाळली गेली. एकतीस वर्षं वकिली केली आहे, खात्रीने सांगतो.

परसबाग (११.३४)
टायटल म्हणजे सर, लॉर्ड अशी पदवी असेल का? पदवीवरून वाद झाला असेल.

तळ्याकाठी (११.५२)
माफ करा, मला वाटलं मी आधी लिहिलंय. आयर्लंड, लिमरिक काउंटी, साल १८७४, कोर्टाचं नाव पेटी सेशन्स, म्हणजे लहानसहान खटल्यांचं स्थानिक कोर्ट. माझा नवरा आयरिश आहे, आम्ही लिमरिक शहरात राहतो. तो माणूस म्हणजे माझ्या सासूबाईंचे पणजोबा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, दोन्ही घरांची आडनावं अजून तिथे शेजारी शेजारी आहेत. लॉर्ड वगैरे कुणी नव्हतं, खंडाने घेतलेल्या आठ-नऊ एकरांवर राबणारी माणसं होती. हंस म्हणजे घरी पाळतात ते, पांढरे, लांब मानेचे, बदकाच्या जातीतले.

रविवारी सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करतोय. त्यांनीच हौसेने "तुमच्याकडे करतात तसं करा" म्हटलंय. हंसांची गोष्ट त्या लहानपणापासून मान खाली घालून ऐकत आल्या. ती खरी काय आहे हे मला त्यांना सांगायचंय.

परसबाग (शुक्रवार, सकाळी ७.०५)
सहस्रचंद्रदर्शन ऐंशी पूर्ण झाल्यावर करतात ना? की एक्क्याऐंशी? माझ्या आजीचं आम्ही आधीच केलं होतं आणि गुरुजी रागावले होते.

आकडेमोड (७.३०)
चांद्रमास २९.५३ दिवसांचा. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. ज्यांना आधी करायचंय त्यांनी खुशाल करावं, पण मग हजार चंद्र पाहिले असं म्हणू नये.

चिंचेचं_बोटुक (७.४१)
विषयावर या. ताई, वहीत नक्की किती नोंदी आहेत? फक्त निकालाचा रकाना देऊन भागणार नाही. फिर्यादी कोण, आरोपी कोण, तक्रार काय, सगळं लिहा.

तळ्याकाठी (८.२०)
ऑफिसला निघालेय, घाईत लिहिते. पणजोबांच्या तीन नोंदी सापडल्या.
मे: फिर्यादी शेजारी. पणजोबांचे नऊ हंस आणि दोन शेळ्या ओटच्या शेतात शिरल्या. नुकसानभरपाई आणि खर्च भरण्याचा हुकूम.
जून: फिर्यादी पणजोबा. शेजाऱ्याने बॉगकडे (जळणासाठी टर्फ, म्हणजे वाळवून जाळायची माती, जिथून खणून आणतात त्या दलदलीकडे) जाणारी वाट दगड रचून बंद केली. निकाल: "डिस. डब्ल्यू. पी., टायटल".
जुलै: फिर्यादी शेजारी. पणजोबांनी त्याला बॉगवर मारलं. दंड १० शिलिंग, खर्च १ शिलिंग ६ पेन्स, न भरल्यास सात दिवस.
आता तरी सांगा, जूनमध्ये पणजोबा जिंकले की हरले?

जुनी_वही (१०.१५)
ना जिंकले ना हरले. ताई, मी गेली काही वर्षं या वह्या वाचतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रिट पिटिशनचा इथे काही संबंध नाही. डब्ल्यू. पी. म्हणजे "विदाउट प्रेज्युडिस". तक्रार निकाली काढली, पण ती पुन्हा आणायला आडकाठी नाही, असा त्याचा अर्थ. गुणदोष पाहून फेटाळली असती तर "ऑन मेरिट्स" लिहिलं असतं. टायटल म्हणजे जमिनीवरचा हक्क. पेटी सेशन्समध्ये जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे बिनपगारी मॅजिस्ट्रेट बसत, ते बहुतेक त्या भागातले जमीनदार किंवा त्यांच्यासारखे वजनदार लोक. जोडीला कधी सरकारी पगारावरचा रेसिडेंट मॅजिस्ट्रेट असे. यांच्या हातात लहानसहान गोष्टी होत्या: मारामारी, शिवीगाळ, रस्त्यावर सोडलेली डुकरं, दारू पिऊन गोंधळ, बुडवलेली मजुरी. पण आरोपीने प्रामाणिकपणे "ही जमीन माझ्याकडची, इथे वाट नाहीच" असा हक्काचा मुद्दा काढला की यांचे हात बांधले जात. हक्काचा निवाडा करायचा अधिकार या कोर्टाला नव्हता. म्हणून जूनमध्ये त्यांनी प्रकरण सोडून दिलं. दगड होते तिथेच राहिले.

आता तिन्ही नोंदी एका ओळीत वाचा. भांडण हंसांचं नव्हतंच, वाटेचं होतं.

गोदाकाठचा_वकील (१०.४०)
विदाउट प्रेज्युडिस मान्य, मी भारतीय संक्षेप धरून चाललो होतो. पण मग हा सरळ वहिवाटीचा दावा आहे. भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२ पाहा. शिवाय आपल्याकडे मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ आहे, त्याखाली अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देतो. पणजोबांनी तिकडे जायला हवं होतं.

चिंचेचं_बोटुक (१०.४८)
काका, १८७४ सालचा लिमरिकचा शेतकरी १९०६ सालच्या आपल्या तहसीलदाराकडे कसा जाणार?

गोदाकाठचा_वकील (१०.५५)
तत्त्व सांगतोय. बांधावरचं भांडण जगात सगळीकडे सारखंच. माझ्या वडिलांनी अर्ध्या फुटाच्या बांधासाठी चुलत्याशी अकरा वर्षं तारखा लढवल्या आणि दोघांचीही जमीन गहाण पडली. म्हणून म्हणतो, योग्य कोर्ट निवडणं फार महत्त्वाचं.

जुनी_वही (११.२०)
काका, तत्त्व बरोबर आहे. तिकडे त्यासाठी प्रिस्क्रिप्शन कायदा होता, इंग्लंडचा १८३२ चा, आयर्लंडला १८५८ मध्ये लागू झालेला. वीस वर्षं बिनतक्रार वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत असे. पण त्यासाठी पेटी सेशन्सच्या वर जावं लागे. तिथे वकील आला, खर्च आला. आणि इथे वादी-प्रतिवादी दोघंही कुळं. जमीन दोघांचीही नाही, मालक तिसराच. कुळाने शेजारच्या कुळावर वहिवाट सिद्ध करायची म्हणजे मालकाच्या जमिनीचा प्रश्न काढायचा. आठ-नऊ एकरांचा माणूस ते कशाच्या जोरावर करणार?

म्हणून माणसं जे प्रकरण या कोर्टात चालतं तेच आणत. वाट अडवली याचा निकाल लागत नाही, पण हंस शेतात शिरले याचा लागतो. ढकलाढकली झाली याचा लागतो. याच वह्यांमध्ये एकाच दिवशी अ विरुद्ध ब आणि लगेच खाली ब विरुद्ध अ अशा उलटसुलट फिर्यादी ढिगाने दिसतात. कितीदा मॅजिस्ट्रेट कंटाळून दोघांकडूनही शांतता राखण्याचा मुचलका लिहून घेत. ताई, जुलैच्या त्याच पानावर पणजोबांची शेजाऱ्याविरुद्ध फिर्याद आहे का? वरची आणि खालची ओळ पाहिलीत का?

सह्याद्रीचा_वारा (दुपारी १२.३०)
यात सगळ्यात मोठा गुन्हेगार जमीनदार आहे, त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आयरिश शेतकऱ्यांनी लँड लीग नावाची संघटना काढून यांना धडा शिकवला. मेयो काउंटीत जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर सगळ्या गावाने बहिष्कार टाकला, त्यावरून शब्दच रूढ झाला. पणजोबांनाही जमीनदारानेच अडकवलं असणार.

जुनी_वही (१२.४५)
लँड लीगची स्थापना ऑक्टोबर १८७९ मध्ये झाली, बॉयकॉटचं प्रकरण १८८० चं. आपण १८७४ मध्ये आहोत. फिर्यादी शेजारीच आहे, वहीत स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक भांडणामागे जमीनदाराचा हात शोधला तर या माणसांचा स्वतःचा राग, स्वतःचा मान आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

सह्याद्रीचा_वारा (१२.५८)
पण निवाडा करायला बसलेले कोण होते? तुम्हीच वर लिहिलंत. आणि भाषा? १८८२ च्या मामट्रास्ना इथल्या खून खटल्यात आरोपी माइल्स जॉइसला फक्त आयरिश येत होतं आणि खटला इंग्रजीत चालला. फाशी दिलं. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी जाहीर केली, तोवर १३६ वर्षं गेली होती. असल्या न्यायव्यवस्थेची वही मी प्रमाण मानणार नाही.

जुनी_वही (दुपारी १.१०)
हा मुद्दा मानतो. वही म्हणजे कारकुनाने लिहिलेली एक ओळ. कोण काय बोललं, कोण रडलं, कोणी आधी हात उचलला, यातलं काहीच त्यात नाही. पण आयर्लंडमध्ये १८६१ ते १८९१ च्या जनगणनेची मूळ पत्रकं सरकारनेच नष्ट केली आणि त्याआधीची बहुतेक डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत जळाली. गरीब माणसाचं नाव ज्यात सापडेल अशी कागदपत्रं थोडीच उरली आहेत. त्यातली ही वही.

मोत्याची_आई (१.४०)
पणजोबांकडे कुत्रा होता का? आयर्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने कुत्र्याला परवाना सक्तीचा झाला, दोन शिलिंग फी. या परवान्यांच्या वह्या पेटी सेशन्सचा कारकूनच ठेवायचा आणि त्यात कुत्र्याचा रंग, जात, नर की मादी, सगळं लिहिलेलं असतं. मी माझ्या मैत्रिणीच्या पूर्वजांचा तांबडा टेरियर असाच शोधून दिला, तिला फार आनंद झाला.

तळ्याकाठी (संध्याकाळी ६.३५)
कुत्र्याचं नंतर पाहते, पण मनापासून आभार, हे मला माहीतच नव्हतं.

जुनी_वही, तुमचं बरोबर निघालं! मी फक्त आडनाव शोधून तेवढीच ओळ उघडत होते. आता अख्खं पान पाहिलं. पणजोबांचीही फिर्याद आहे, खालच्याच ओळीत. त्यांचं आडनाव तिथे वेगळ्या स्पेलिंगने लिहिलंय म्हणून सापडलं नव्हतं. तक्रार: शेजाऱ्याने बॉगवर फावड्याने धमकावलं. निकाल: डिसमिस्ड. म्हणजे त्यांची बाजू ऐकलीच नाही का? आणि १० शिलिंग ही फार मोठी रक्कम होती का? भरली का नाही?

आकडेमोड (६.५०)
२० शिलिंगांचा एक पौंड, १२ पेन्सचा एक शिलिंग. शेतमजुराची रोजची मजुरी त्या काळी एका शिलिंगाच्या आसपास. दंड आणि खर्च मिळून साडेअकरा शिलिंग, म्हणजे दोन आठवड्यांची कमाई, तीही रोज काम मिळालं तर.

जुनी_वही (७.१५)
ऐकली नाही असं म्हणता येत नाही, साक्षीदार कोण होते ते पाहा, नावांचा रकाना असतो. पण तुरुंगाबद्दल एक सांगतो. शिक्षा तुरुंगाची नव्हती. शिक्षा दंडाची होती, न भरल्यास तुरुंग. सासूबाईंना हा फरक नक्की सांगा. आयर्लंडच्या तुरुंगांची रजिस्टरं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, लिमरिकचीही, आणि ज्या संकेतस्थळावर तुम्हाला ही वही मिळाली तिथेच बहुधा मिळतील. त्यात कैद्याची उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, लिहिता-वाचता येतं का, आणि तो कधी सुटला हे असतं. जुलै १८७४ शोधा. आडनावाची दोन्ही स्पेलिंग वापरा.

गोदाकाठचा_वकील (७.४०)
एवढ्या दंडावर अपील करता येत होतं का, तेही पाहायला हवं.

परसबाग (८.०५)
मी तर म्हणते डीएनए चाचणी करा. माझ्या भावाने केली, त्याला कॅनडातले नातेवाईक सापडले.

तळ्याकाठी (शनिवार, सकाळी ९.२०)
सापडले. रात्री दीडला सापडले, मग झोपच लागली नाही.

उंची ५ फूट ५ इंच. केस तपकिरी. डोळे करडे. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. आणि सुटकेच्या रकान्यात सात दिवसांनंतरची तारीख नाही, तिसऱ्याच दिवसाची आहे. शेजारी लिहिलंय: दंड भरला.

सकाळी सासूबाईंना फोन केला. रविवारपर्यंत गुपित ठेवायचं ठरवलं होतं, पण राहवेना. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैसे कुठून आले असतील? हंसच विकले असतील तिने." तिने म्हणजे पणजीने. आमच्या घरात हंसांचं नाव का निघायचं आणि हंस कधीच का नव्हते, हे आज कळलं, असं म्हणाल्या.

हे कुठे लिहिलेलं नाही, मला माहीत आहे. पण त्यांनी म्हटलं ते इथे नोंदवून ठेवते.

चिंचेचं_बोटुक (९.३१)
ताई, अंगावर काटा आला.

जुनी_वही (१०.००)
फार छान शोधलंत. एक काम राहिलंय. ऑर्डनन्स सर्वेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे जुने नकाशे पाहा. सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा १८४० च्या सुमाराचा, पंचवीस इंची शतकाच्या अखेरचा. पायवाटा तुटक रेषेने दाखवतात. दोन्ही नकाशांत ते शेत आणि बॉग शोधा.

तळ्याकाठी (संध्याकाळी ५.४५)
पाहिले. सहा इंचीत वाट दिसत नाही. पंचवीस इंचीत आहे, दोन्ही घरांच्या मधून निघून थेट बॉगपर्यंत जाते, मध्ये कुठेही तुटत नाही. सासूबाई म्हणतात, त्या लहानपणी टर्फ आणायला त्याच वाटेने जायच्या, शेजारच्या घरातल्या मुलींबरोबर. सोमवारी त्यांना घेऊन तिथे जातेय.