नाशिकच्या इंदिरानगरमधलं जुनं रो-हाऊस विकायचंय, किती सांगावं?

नमस्कार मंडळी. वडिलांनी 1991 साली घेतलेलं रो-हाऊस विकायला काढतोय. प्लॉट बाराशे फूट, बांधकाम साडेआठशे, वर गच्ची. आई आता आमच्याकडे गंगापूर रोडला असते, त्यामुळे घर बंदच आहे.

मोझॅकच्या फरश्या अजून झकास आहेत, बाकी सगळं त्या काळातलं. कडप्प्याचा ओटा, जीआयचे पाइप (वरच्या बाथरूमचा नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढी धार), खालून गंजलेल्या लोखंडी खिडक्या. मागच्या खोलीत छताचे पोपडे पडून एका जागी सळई दिसते. ठेकेदाराने चौदा लाखांचा अंदाज दिलाय. तोडफोड सुरू झाली की तो वाढणारच.

त्याच ओळीतलं, आतून नवं केलेलं घर गेल्या वर्षी एक कोटी पाचला गेलं असं शेजारचे काका सांगतात. म्हणून बेंगळुरूचा धाकटा भाऊ एक कोटी दहाच्या खाली यायला तयार नाही, वर 'सिंहस्थ 2027 तोंडावर आहे, थांबू या' हे पालुपद. एजंट म्हणतो, पंचाहत्तरला आज गिऱ्हाईक उभं करतो. ते गिऱ्हाईक तो स्वतःच असावा, असा मला दाट संशय आहे.

मागणी कशाच्या आधारावर ठरवायची? की दुरुस्ती करूनच विकावं?

गोदाकाठ: काकांच्या आकड्यावर जाऊ नका. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या घराचा इंडेक्स-2 (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढा, दस्तावरची रक्कम दिसेल. आपल्याकडे काही व्यवहार दस्तावर कमी दाखवतात हे धरूनच तो वाचा. आसपासचे आणखी दोन-तीन पाहिलेत की अंदाज येतो. जाहिरातीतले भाव म्हणजे नुसती मागणी, त्या भावाला घर गेलं असं नाही.

समजा एक कोटी पाच खरं निघालं. त्यातून चौदा गेले, राहिले एक्क्याण्णव. पण काम चालू असताना घेणाऱ्याला भाडं, हप्ता आणि डोकेदुखी तिन्ही आहेत, त्याचे पाच-सहा तो कापणारच. म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास व्यवहार, आणि मागणी एकोणनव्वद-नव्वद. एक कोटी दहा सांगितलंत तर फोनच येणार नाहीत. सहा महिन्यांनी भाव उतरवला की लोक विचारतात, घराला काही भानगड आहे का? आणि सिंहस्थासाठी कोणी जुनं रो-हाऊस घेत नाही हो.

पूर्ण दुरुस्ती करू नका. तुम्ही बसवलेल्या टाइल्स पुढचा माणूस फोडणार.

रेडीरेकनर: भाऊंना एक सांगा, सरकारी मूल्यांकनही काढून घ्या. बांधकामाला वयानुसार घसारा मिळतो, जमिनीला नाही. दस्तावरची किंमत त्या मूल्यांकनापेक्षा खाली गेली आणि फरक दहा टक्क्यांच्या वर असला, तर आयकर खातं मूल्यांकनाचाच आकडा धरून भांडवली नफा काढतं. शिवाय घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो. सळई दिसली की तो हात आखडतो, मग वरची रक्कम गिऱ्हाइकाला खिशातून घालावी लागते आणि बोलणी फिसकटतात. वारसनोंद झालीय ना? आई, तुम्ही दोघं, बहीण असेल तर तीही. सगळ्यांच्या सह्या लागतील.

धागाकर्ता: वारसनोंद झालीय, बहीण नाही. इंडेक्स-2 काढून भावाला पाठवतो, माझं तो ऐकत नाही, सरकारी कागद ऐकेल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि आतला रंग दाखवण्याआधी उरकू का?

गोदाकाठ: गच्चीचं जरूर करा, बिल जपून ठेवा. सळई गंज काढून नीट भरून घ्या आणि ते काम केल्याचं आपणहून सांगा. रंग मात्र राहू द्या. जुन्या घराला ताजा रंग दिसला की लोक आधी ओल कुठे झाकलीय ते शोधतात.